एकाच गोळीचे दोन रुग्ण

30 एप्रिल 2021 रोजी माझा कोरोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात चार जीव राहत होते: मी, 74 वर्षांची आई, वारू नावाचा कुत्रा आणि चिमी नावाची मांजर. चौघांपैकी दोघांना मास्क लावता येत नव्हता, दोघांना विलगीकरण म्हणजे काय ते कळत नव्हते, आणि त्या दोघांचे काय करायचे याविषयी आरोग्य खात्याकडून मिळालेल्या सूचनांच्या कागदावर एक ओळही नव्हती. पुढच्या दीड महिन्यात आम्ही जे केले, जे चुकले आणि जे थोडक्यात निभावले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे तेव्हाच मनात आले होते.

वारू मुधोळकडचा. निव्वळ मुधोळ हाउंड नव्हे, पण लांब पाय, खोल छाती आणि आत ओढलेले पोट पाहून कोणीही त्याचे कूळ सांगेल. या शिकारी जातीचे माहेर बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांच्या संस्थानाचे गाव, आणि आमच्याकडची जुनी माणसे या कुत्र्यांना अजूनही ‘कारवानी’ म्हणतात. असा कुत्रा घरात बसून राहायला जन्मलेला नसतो. दिवसातून एकदा तरी त्याला मोकळे धावायला मिळाले नाही, तर तो अंगणातली माती उकरतो, दार ओरबाडतो आणि रात्री घरभर येरझाऱ्या घालतो. चिमीचे तसे नाही. ती माळ्यावर जन्मली, माळ्यावरच वाढली आणि घरातल्या माणसांना तिने आश्रित म्हणून ठेवून घेतलेले आहे.

महामारीत जनावरांवर खरे संकट कोणते येते, याचा पहिला धडा मला पहिल्या टाळेबंदीच्याही आधी मिळाला होता. मार्च 2020 च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा आमच्या भागात पसरली, भाव कोसळले, आणि गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्याची दृश्ये प्रत्येकाच्या फोनवर फिरली. पुढच्याच महिन्यात चीनमधील हार्बिनच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कोंबड्या, बदके आणि डुकरे यांना या विषाणूची लागण होत नाही, कुत्र्यांमध्ये तो फारसा वाढत नाही, मांजर आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी) यांच्यात मात्र सहज वाढतो, असे त्यांतून दिसले होते. गोकाककडच्या कोंबड्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

कुत्र्यांविषयीची भीती हाँगकाँगमधून आली. तिथल्या एका बाधित बाईच्या 17 वर्षांच्या पोमेरेनियन कुत्र्याच्या नाकातोंडातल्या नमुन्यांत फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस विषाणूचा अंश सापडला, आणि अलगीकरणातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तो कुत्रा मेला. इतक्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मरणाला आणखी कितीतरी कारणे असू शकतात, हा भाग आमच्या गल्लीपर्यंत पोचला नाही. ‘कुत्र्यालाही होतो’ एवढेच पोचले. लागण माणसाकडून कुत्र्याला झाली होती, उलट दिशेने नव्हे, हेही वाटेतच गळून पडले. मग मी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून वारू फिरून आला की त्याचे चारही पंजे त्याने पुसू लागले.

आठ दिवसांत वारू पंजे चाटू लागला. पंधराव्या दिवशी बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, तळव्याच्या गाद्यांना भेगा पडल्या आणि तो फरशीवर पाय उचलून उभा राहू लागला. आमच्या पशुवैद्यांना मी फोटो पाठवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाई, पायाला काय लावता?” मी अभिमानाने सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी समजावले की, सॅनिटायझरमध्ये 70 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते, त्याने कातडी कोरडी पडून फुटते, आणि कुत्रा किंवा मांजर अंग चाटून स्वच्छ करत असल्यामुळे आपण कातडीवर लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्यांच्या पोटात जाते. पाय धुवायचेच असतील, तर साध्या पाण्याने आणि अगदी थोड्या सौम्य साबणाने धुऊन बेचक्यांसकट कोरडे करावेत. ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा जंतुनाशकाचे द्रावण अंगाला लावू नये. आणि तोंडाला मास्क तर मुळीच बांधू नये, कारण कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. खोबरेल तेलाचा हात फिरवत दोन आठवड्यांत पाय बरे झाले. त्या काळात रस्त्यावर ठिकठिकाणी सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी चालू असे, त्यामुळे फवारणीची गाडी येऊन गेली की रस्ता वाळेपर्यंत वारूला बाहेर न्यायचे नाही, हा नियम मात्र आम्ही पाळला.

खाण्याचे हाल फार झाले नाहीत. 25 मार्चपासून देश बंद झाला, तरी पशुखाद्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांना बंदीतून सूट होती. पिशवीतले तयार खाद्य काही दिवस मिळाले नाही एवढेच. वारू मग जोंधळ्याची भाकरी, ताक, उकडलेले अंडे आणि आठवड्यातून दोनदा कोंबडीचे पाय यांवर राहिला. भाकरीवर आणण्यासाठी मी आठ दिवस खाद्यात थोडी थोडी भाकरी मिसळत गेले, कारण एकदम बदल केला की कुत्र्याचे पोट बिघडते, आणि टाळेबंदीत जुलाब लागलेला कुत्रा सांभाळणे हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट यांना त्याच्या ताटात कायमची बंदी होती. कुंद्यालाही, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईलाही, होती, पण आई तिथे फितूर होती.

लशीचे मात्र चुकले. वारूचा रेबीजचा वार्षिक डोस एप्रिल 2020 मध्ये द्यायचा होता. कुत्र्याला घेऊन बाहेर पडलो तर पोलीस अडवतील, या भीतीने मी तो पुढे ढकलत ऑगस्टपर्यंत नेला, आणि दरमहा मानेवर टाकायचे गोचिडाचे औषध तर कुठल्या महिन्यात सुटले तेही लक्षात राहिले नाही. खडेबाजारातली, गणपत गल्लीतली हॉटेले बंद पडल्याने उपाशी फिरणारी भटकी कुत्री त्या दिवसांत आपसांत जास्तच भांडत होती, म्हणजे रेबीजची लस ज्या वर्षी चुकवू नये असे म्हणता येईल, नेमक्या त्याच वर्षी मी ती चुकवली. नव्या विषाणूच्या धास्तीत जुना, शंभर टक्के ओळखीचा आणि जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक रोग नजरेआड झाला. गोचिडाच्या औषधाची किंमत पुढे वारूने मोजली.

दुसरी लाट आली तेव्हा मी शहाणी झाले आहे, असा माझा समज होता. एप्रिल 2021 मध्ये 17 तारखेला पोटनिवडणूक झाली, त्याआधी सभा झाल्या, लग्ने झाली, आणि आठवड्याभरात गल्लीतल्या घराघरांतून खोकला ऐकू येऊ लागला. आम्ही दोघी एकदम आजारी पडलो तर जनावरांचे काय, हा प्रश्न पडला म्हणून मी वारूला काही दिवसांसाठी चंदगड तालुक्यात धाकट्या बहिणीकडे सोडायचे ठरवले. एरवी हे अंतर तासाभराचे. हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, बाची ओलांडले की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या निम्म्या सोयरिकी या रेघेपलीकडच्या आहेत आणि एरवी ती रेघ आम्हाला दिसतही नाही. त्या दिवशी दिसली. बाचीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवून सांगितले की जायचे तर जा, पण परत येताना 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागेल, आणि पलीकडेही निर्बंध लागू झाले आहेत, ते सोडतील याची हमी मी देत नाही. मग मागच्या सीटवर खिडकीतून मान बाहेर काढून बसलेल्या वारूकडे पाहत त्याने कन्नडमध्ये विचारले, “नायीदू रिपोर्ट एल्ली?” कुत्र्याचा रिपोर्ट कुठे आहे, असा त्याचा प्रश्न होता. तो हसला, मीही हसले, आणि गाडी वळवून घरी आले.

त्याच आठवड्यात आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे एका घरातल्या दोघांनाही रात्री रुग्णालयात हलवावे लागले. घराला कुलूप लागले, आणि आतला कुत्रा आत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचे रडणे ऐकून शेजाऱ्यांनी मागच्या दाराचा कडीकोयंडा उचकटला. कुत्रा जगला, त्याने न्हाणीघरातल्या बादलीचे पाणी पिऊन दिवस काढले होते. दोष कोणाचा म्हणावा? प्राणवायूची पातळी खाली गेलेल्या माणसाला कुत्र्याची आठवण होणे शक्य नसते, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना आत कुत्रा आहे हे कोणी सांगितलेले नसते.

त्या रात्री मी एक कागद लिहिला आणि बाहेरच्या दाराला आतून व बाहेरून एकेक प्रत चिकटवली. घरात एक कुत्रा व एक मांजर आहे, किल्ली शेजारच्या काकींकडे आहे, कुत्र्याला दिवसातून दोनदा किती भाकरी, मांजरीला किती, लशींची पुस्तिका फडताळाच्या वरच्या कप्प्यात, पशुवैद्यांचा फोन, आम्ही दोघी नसलो तर वारूला कोणी न्यायचे आणि चिमीला कोणी. शेवटचे वाक्य लिहिताना ‘रुग्णालयात असलो तर’ असे लिहिले होते. आईने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, “नुसतं ‘नसलो तर’ लिही की. सगळं त्यात येतंय.” तसे लिहिले. खाली काकींना आणि वारूला फिरवायला कबूल झालेल्या त्यांच्या मुलाला विचारून त्यांच्या सह्या घेतल्या. सही घेतली की माणूस जबाबदारी गंभीरपणे घेतो, हा पालकसभांतून आलेला माझा अनुभव.

मला ताप आला 28 तारखेला. आदल्या रात्रीपासून राज्यात पुन्हा टाळेबंदी लागू झाली होती. आईचा अहवाल निगेटिव्ह आला, म्हणून मी मागच्या खोलीत आणि बाकी तिघे पुढच्या घरात, अशी वाटणी झाली. पशुवैद्यांनी फोनवर सांगितलेला मुद्दा साधा होता: माणसाला जो नियम, तोच जनावराला. बाधिताने कुत्र्या-मांजराला कुशीत घेऊ नये, त्यांच्याजवळ शिंकू-खोकू नये, आपल्या ताटातले उष्टे देऊ नये. त्यांचे खाणेपिणे निरोगी माणसाने करावे, आणि दुसरे कोणीच नसेल तर मास्क लावून, आधी व नंतर हात धुऊन करावे. कुत्र्यापेक्षा मांजरीला जपा, असेही त्यांनी बजावले. नेमके तेच अवघड होते. वारूला दार लावले की दार कळते; तो दाराबाहेर उंबऱ्याला नाक लावून पडून राहिला आणि मी खोकले की शेपटी आपटत असे. चिमीचा रस्ता माळ्यावरून होता. दुसऱ्या रात्री जाग आली तेव्हा ती माझ्या पायथ्याशी झोपलेली होती. मी मास्क लावला, तिला टॉवेलमध्ये गुंडाळून दाराबाहेर ठेवले, आणि सकाळी माळ्याच्या फटीत जुने पाट ठोकून घेतले. ठोकणारी आईच. ती शिडीवर चढली होती हे मला नंतर कळले, ते बरे झाले.

वारूला फिरवण्यात वेगळीच अडचण आली. काकींचा मुलगा कबूल होता, पण पॉझिटिव्ह घरातल्या कुत्र्याच्या केसांवर विषाणू असेल, या धास्तीने काकी त्याला सोडेनात. मी त्यांची पशुवैद्यांशी फोनवर गाठ घालून दिली. केसांवरून लागण होण्याची भीती जवळजवळ नाही, फिरवून आल्यावर साबणाने हात धुतले की पुरे, आणि साखळी आमच्याकडची नको, तुमचा दोर वापरा, असे त्यांनी सांगितल्यावर गाडी रुळावर आली. दोर रोज साबणाच्या पाण्यात बुडवून वाळत घालायचा. पहाटे साडेपाचला, रस्त्यावर कोणी नसताना, 20 मिनिटे. धावणे नाही. वारूला ते पुरत नव्हते, म्हणून आईने त्याच्यासाठी एक खेळ काढला: भाकरीचे तुकडे घरभर लपवायचे आणि तो हुंगत शोधत फिरायचा. कुत्र्याला नाकाने दमवता येते हे मला तोवर माहीत नव्हते.

आता औषधांविषयी. त्या एप्रिलमध्ये कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरी तेलाची पुरचुंडी जवळ बाळगून हुंगत राहिल्याने प्राणवायू वाढतो, असा समज घरोघर शिरला होता. तो खोटा होता. आमच्याकडेही दोन पुरचुंड्या होत्या. त्यांतली एक चिमीने दोऱ्याला धरून ओढली आणि पलंगाखाली नेऊन फाडायला सुरुवात केली. कापूर आणि निलगिरी तेल दोन्ही मांजरीला विषारी आहेत. थोड्या कापरानेही झटके येऊ शकतात. आईच्या वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले, आणि पुरचुंड्या त्याच क्षणी घराबाहेर गेल्या. काळ्या फिनेलची बाटलीही गेली, कारण त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजरीच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ती पाय चाटते. त्याऐवजी साबणाच्या पाण्याने फरशी पुसायची आणि वाळेपर्यंत चिमीला आत घ्यायचे नाही असे ठरले. सर्वांत भयंकर वस्तू मात्र सर्वांत निरुपद्रवी वाटणारी होती, ती म्हणजे पॅरासिटामॉल. मांजरीच्या शरीरात ते निकामी करणारी यंत्रणाच फार तोकडी असल्यामुळे माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. चिमी एके दिवशी मलूल दिसली, तेव्हा आईने अर्धी गोळी कुटून दुधात घालायची तयारी केली होती. “लहान पोरांना देतात की, मांजराला काय होतंय?” असे ती दाराआडून म्हणाली, आणि मी ताप विसरून ओरडले. चिमीला काही झालेले नव्हते. माळा बंद झाल्याचा तिला राग आला होता.

वारू किंवा चिमी यांना कोरोनाने काही केले का, ते कधीच समजले नाही. त्यांची तपासणी कोणी केली नाही आणि तिची गरजही नव्हती. पण सॅनिटायझर, फिनेल, कापूर, पॅरासिटामॉल, चुकलेली लस आणि कुलूपबंद घर, यांतले प्रत्येक संकट आम्ही माणसांनी, बहुतेक वेळा भल्या हेतूने, त्यांच्यापुढे आणून ठेवले होते.

4 मे रोजी हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोरोना झाल्याची बातमी आली, आणि गल्लीत पुन्हा चलबिचल झाली. एका गृहस्थांनी फोन करून, तुमचे मांजर आमच्या गच्चीवर येते, त्याचे काहीतरी करा, असे सुनावले. सिंह मांजराच्या कुळातला, तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हे मला मान्य करावे लागले. त्या सिंहांना लागण बहुधा माणसांकडूनच झाली होती आणि ते बरे होत होते, हे मी त्यांना सांगितले. पण बाधित घरातली मांजर त्या मुदतीत बाहेर सोडू नये, हेही खरेच होते. चिमी तेव्हापासून पूर्णपणे घरात राहिली. वाळूचे टोपले, खिडकीत बसायला लाकडी पेटी, आणि रात्रभर निषेधाचे सूर.

8 मे रोजी वारूने भाकरी सोडली. माझा अकरावा दिवस होता, ताप जाऊन चार दिवस झाले होते. आईने त्याचा ताप पाहिला, 102 निघाला, आणि ती घाबरली. तिथे मला थोडा धीर देता आला, कारण कुत्र्याचे नेहमीचेच तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. माणसाच्या मापाने पाहिले तर प्रत्येक कुत्रा कायमचा आजारी ठरेल. पण दुसऱ्या दिवशी पारा 104.6 वर गेला, तो उठेना, आणि ओठ वर करून पाहिले तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या फिकट, वर बारीक लाल ठिपके. गल्लीत निदान आधीच झाले होते: कोरोना. मलाही क्षणभर तेच वाटले, आणि मी त्याला उंबऱ्यावरून दिलेली बिस्किटे आठवून रडू आले. पशुवैद्यांनी फोटो पाहून एवढेच विचारले, “कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघितलंत काय?” आईने पाहिले. गोचीड होते. एक-दोन नव्हे.

10 मे पासून टाळेबंदी आणखी कडक झाली, पण जनावरांच्या दवाखान्यांना मोकळीक होती. काकींच्या मुलाने लशींची पुस्तिका हातात धरून, दोन ठिकाणी पोलिसांना ती दाखवून, वारूला जवळजवळ उचलूनच नेले. दवाखान्यात रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला, बिंबिका (प्लेटलेट) फार कमी झालेल्या निघाल्या, आणि गोचीड तापाचे निदान झाले. तपकिरी गोचिडातून एर्लिकिया नावाचा जीवाणू कुत्र्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो, त्यातून हा ताप येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तो नेहमीचाच आहे. औषध लिहून आले: डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे.

माझ्या उशाशी त्याच गोळीचे रिकामे पाकीट पडलेले होते. त्या काळात घरी राहणाऱ्या कोरोना रुग्णांना जी औषधे लिहून दिली जात, त्यांत हे एक असे, आणि मी पाच दिवस तेच घेतले होते, तेवढ्याच मात्रेत. वारूचे वजन 20 किलो, त्यामुळे त्याचा हिशेब योगायोगाने माझ्या गोळीशी जुळला. माझ्या उरलेल्या औषधांतली एखादी दिली तर चालेल का, असे आईने विचारल्यावर पशुवैद्य कडाडले. मात्रा किलोवर ठरते, रक्त पाहून ठरते. त्याच पाकिटांच्या ढिगातले आयव्हरमेक्टिन काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूवर जाते. आणि डॉक्सिसायक्लिनसुद्धा दुधातून देऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगी कमी लागते, ते खाण्याबरोबर द्या. माणसांनी ही गोळी इतकी विकत घेतली होती की वारूची 56 गोळ्यांची भरती करायला मुलाला चार दुकाने फिरावी लागली, आणि तिसऱ्या दुकानात त्याला विचारले गेले, “पेशंटचा ऑक्सिजन किती आहे?”

तीन दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी वारूने भाकरी खाल्ली, आणि मी माझ्या खोलीतून बाहेर येऊन, हात धुऊन, मास्क लावून त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. दोघेही जिना चढताना धापा टाकत होतो.

गोळ्यांपेक्षा घर साफ करणे जिकिरीचे ठरले. एक मादी गोचीड अंगावरून गळून पडली की भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते, आणि आमच्या घराच्या दगडी भिंतींना भेगा म्हणजे वारसाहक्काने आलेली संपत्ती आहे. वारू ज्या कोपऱ्यात झोपायचा तिथल्या भेगा सिमेंटने भरून घेतल्या, गोणपाटे जाळली, अंथरुणे उकळत्या पाण्यातून काढली. फवारणीचे औषध आणताना पशुवैद्यांनी पुन्हा चिमीची आठवण करून दिली: कुत्र्याच्या अंगावर टाकायच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन असते, आणि ते मांजरीच्या अंगाला लागले तर ती दगावू शकते. म्हणून मांजरीला चालेल असे औषध निवडले आणि तरीही दोन दिवस चिमीला आईच्या खोलीत कोंडले. निषेधाचे सूर पुन्हा.

वारूच्या गोळ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात संपल्या. रक्त पुन्हा तपासले, बिंबिका वाढलेल्या होत्या. पण एवढ्या दिवसांत त्याला चोवीस तास माणसांची सवय लागली होती, आणि शाळेत प्रत्यक्ष हजेरी सुरू होणार असे कळल्यावर मी एक दिवस सहज बाहेर गेले तर त्याने दाराची चौकट कुरतडली. मग रोज दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे असे करत महिनाभर मी चप्पल घालून, पिशवी घेऊन, गल्लीच्या टोकाला जाऊन परत येत होते. गल्लीतल्या लोकांना कोरोनाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला असे वाटले असावे.

पुढच्या वर्षी लशीच्या वेळी पशुवैद्यांच्या टेबलावरच्या डबीवर ‘कोरोना’ असा शब्द पाहून एक गृहस्थ, ही लस आम्हाला का नाही दिली, असे विचारत होते. कुत्र्यांचा कोरोना विषाणू निराळा, तो आतड्यांचा आजार करतो आणि त्याची लस कुत्र्यांना माणसांच्या महामारीच्या कितीतरी आधीपासून दिली जाते, हे समजावण्यात पशुवैद्यांची दहा मिनिटे गेली. माणसांच्या कोरोनापासून जनावरांना वाचवणारी ‘अँकोव्हॅक्स’ ही लस हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने केली आणि 9 जून 2022 रोजी ती जाहीर झाली. वारूला ती हवी का, असे मी विचारले. “त्याला गोचिडाचं औषध महिन्याच्या महिन्याला द्या, बाई,” असे उत्तर मिळाले.

दाराचा कागद मी तेव्हा काढला नाही. आई म्हणते, दारावर तसा कागद असला की घराला कळा येत नाही, म्हणून तो आता फडताळाच्या दाराला आतून लावला आहे. किल्लीचे घर बदलले, काकींचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथे काकींच्या भाच्याची सही आली. बहिणीचे नाव खाली दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्यापुढे कंसात मी लिहून ठेवले आहे: बाचीचा नाका उघडा असेल तर.